दोन पोस्टकार्डांची फट

६ फेब्रुवारी १९६१, सोमवार

बाबांच्या सचिवालयातून एक जादा डायरी घरी आली, ती मी उचलली. जानेवारीची पानं कोरीच सोडली आहेत. जानेवारीत मी मटार सोलत होते आणि मुलाखतीला जाऊ दे म्हणून आईच्या मागे लागले होते. ते लिहिण्यासारखं नाही. लिहिण्यासारखं आता सुरू झालंय. मी, कमलिनी गोपीनाथ देशकर, वय एकवीस, राहणार शिवाजी नगर, भोपाळ, गेल्या सोमवारपासून गोविंदपुऱ्यातल्या मोटारींच्या कारखान्यात ट्रेसर आहे. मोटारी म्हणजे रस्त्यावरच्या नाहीत, विजेच्या. हे आईला चार वेळा सांगितलं, तरी काल ती शेजारच्या काकूंना म्हणत होती, "आमची कमल मोटारी बनवते, पण चालवता नाही येत बापा तिला."

काम असं. इंजिनियर पेन्सिलीनं ड्रॉइंग काढतात. त्यावर मी अर्धपारदर्शक कापड पसरते आणि खालची प्रत्येक रेघ काळ्या शाईनं जशीच्या तशी वर उतरवते. आपलं डोकं चालवायचं नाही. मुख्य म्हणजे शिंकायचं नाही.

डिझाइनच्या खोलीत आम्ही तिघंच. मोठे साहेब सान्याल, कलकत्त्याचे, चष्म्याच्या वरून बघतात. धाकटे इंजिनियर नीळकंठ घारपुरे, पुण्याचे, दोन्ही कानांवर एकेक पेन्सिल आणि तिसरी शोधत फिरतात. आणि मी.

आज घारपुऱ्यांनी मला मोटार समजावली. कोळशाच्या खाणीत एक गॅस असतो, ठिणगी पडली की भडकतो. खाणीतलं पाणी उपसायला पंप हवा, पंपाला मोटार हवी, आणि मोटारीत ठिणगी कधीतरी पडणारच. मी म्हटलं, "मग मोटार पक्की बंद करून टाकायची. गॅस आत शिरूच द्यायचा नाही."

"शिरतोच," ते म्हणाले. "मोटार चालली की तापते, थांबली की निवते. म्हणजे ती श्वास घेते, मिस देशकर. आपण गॅसला खुशाल आत येऊ द्यायचं. आत स्फोट झाला तर होऊ द्यायचा. फक्त ज्वाळा बाहेर पडता कामा नये."

मोटारीचं अंग आणि तिची झाकणं जिथे मिळतात तिथे इंचभर रुंद ओठ असतात. ओठांमध्ये फट राहते, पण जास्तीत जास्त वीस थाउ, इंचाचे वीस हजारावे भाग, म्हणजे एकावर एक ठेवलेल्या दोन पोस्टकार्डांएवढी. त्या फटीतून थंड लोखंडाला घासत बाहेर येता येता ज्वाळेचा जीव जातो. बाहेर येतो तो नुसता गरम वारा.

मी मोठ्यानं हसले. सान्याल साहेबांनी चष्म्याच्या वरून पाहिलं. पण हसू नको तर काय करू? चार वर्षं मला वाटत होतं की जगातल्या सगळ्या युक्त्या नागपुरात राहिल्या आणि आम्ही राज्याच्या वाटणीत भोपाळला आलो.

घरी येऊन बाबांकडून दोन पोस्टकार्डं घेतली आणि दिव्यासमोर धरून त्यांची जाडी बघत बसले. बाबा म्हणाले, "कुणाला लिहायचंय?" मी म्हटलं, "ज्वाळेला." त्यांनी ती परत मागितली नाहीत.

९ फेब्रुवारी, गुरुवार

सायकलवर जाते. नागपुरात मुली सायकलवर असतात याचं कुणाला काही वाटत नाही. इथे जहांगीराबादेत एका टांगेवाल्यानं घोडा थांबवून मला वाट दिली, जणू वरात चालली होती.

परत येताना घारपुरे वाटेत भेटले. त्यांची सायकल पंक्चर झाली होती, म्हणून मीही उतरले आणि दोघं चालत आलो. त्यांनी गॅसच्या दाबाविषयी सांगितलं. फारच छान विषय आहे.

१८ फेब्रुवारी, शनिवार

छिंदवाड्याकडच्या खाणीनं कळवलंय की पंपाचा खड्डा अरुंद आहे, मोटारीचा घेर दोन इंचांनी कमी करा. घारपुऱ्यांनी तीन दिवसांत नवं ड्रॉइंग काढलं. कालपासून मी ते उतरवते आहे. घारपुरे माझ्या टेबलाशी उभे राहून नागपूरच्या मराठीची चौकशी करत होते. "तुम्ही काय करून राहिल्या, असं खरंच म्हणता?" मी म्हटलं, "तुम्ही टेबलाला टेकून राहिले, माझी रेघ हलून राहिली." त्यांनी इतकं हसावं असं त्यात काही नव्हतं. मीही हसले. कापडावर शाई सांडली नाही ही देवाची कृपा.

सान्याल साहेबांनी दोघांना बोलावून गंभीरपणे सांगितलं की मालकांना या खोलीवर भरवसा नाही. ही मोटार चाचणीत टिकली तर पुढच्या सगळ्या मोटारी इथेच आखायच्या. नाही टिकली तर ड्रॉइंगं परदेशातून विकत घ्यायची, मग डिझाइनची खोली बंद, घारपुरे उत्पादनात, "अँड मिस देशकर इज टेम्पररी." एवढंच इंग्रजी मला पुरलं.

पण टिकेलच. इतकी सुंदर युक्ती आहे, ती टिकणार नाही असं कसं होईल?

२७ फेब्रुवारी, सोमवार

घारपुऱ्यांची सायकल पुन्हा पंक्चर. या महिन्यात पाचव्यांदा. गोविंदपुऱ्याच्या रस्त्यावर बाभळीचे काटे फार. माझी सायकल त्याच रस्त्यानं जाते आणि तिला काही होत नाही, कारण मी नागपूरहून आणलेले टायर चांगले आहेत. त्यांना तसं सांगितलं. ते म्हणाले, "हो, फरक टायरचाच असणार."

१४ मार्च, मंगळवार

आज चाचणी. जे झालं ते क्रमानं लिहिते, नाहीतर गोंधळ होईल.

खाणीतला गॅस भोपाळात कुठून आणायचा, हा प्रश्न घारपुऱ्यांनी सोडवला होता. सरकारी शेतीफार्मवर शेणापासून गॅस करायची टाकी आहे, आणि त्यातला जळणारा भाग खाणीतल्या गॅसचा सख्खा भाऊ. तो ट्रकच्या ट्यूबमध्ये भरून, चुन्याच्या पाण्यातून गाळून आणला. कारखान्यामागे विटांची खोल कुंडी बांधली आहे. मोटार तिच्यात ठेवली. मोटारीच्या आतही गॅस आणि हवा, बाहेर कुंडीतही तेच. कुंडीच्या तोंडावर पतंगाचा लाल कागद चिकटवला. आत ठिणगी पाडायची. आतला स्फोट आत राहिला तर कागद शाबूत. ज्वाळा बाहेर आली तर कुंडीतला गॅस पेटणार आणि कागद गेला.

आम्ही सगळे वाळूच्या पोत्यांमागे. शेणाचा वास इतका की सान्याल साहेबांनी रुमालातून "यस" म्हटलं. घारपुऱ्यांनी बटण दाबलं.

आवाज पोटात बसला. लाल कागद नव्हताच. त्याच्या जागी कुंडीतून निळी जीभ वर आली आणि गेली. मग सगळं शांत झालं, आणि कागदाचे तुकडे फाउंड्रीचे मिस्त्री रफीक मियाँ यांच्या दाढीवर अलगद येऊन बसले.

मोटारीचं मागचं झाकण उभं चिरलं होतं.

मला रडू यायला हवं होतं. त्याऐवजी दाढीतले लाल तुकडे बघून हसू आलं आणि ते आवरता आवरता ठसका लागला. मी अत्यंत वाईट मुलगी आहे.

१५ मार्च, बुधवार

सगळे म्हणतात दोष ओतकामाचा. झाकणाच्या लोखंडात हवेचे फुगे राहिले असणार. रफीक मियाँ चिरलेलं झाकण दोन्ही हातांनी उचलून साहेबांच्या टेबलावर ठेवून म्हणाले, "को खां, इसे तोड़ के देख लो। बाल बराबर खोट निकले तो मैं आज से भट्टी को हाथ नईं लगाऊँगा।" घण घालून झाकण फोडलं. आतलं लोखंड साखरेसारखं स्वच्छ. एकही फुगा नाही. तरी कुणी "चुकलो" म्हटलं नाही. मियाँ दुपारी जेवले नाहीत.

मालकांनी शनिवारपर्यंत अहवाल मागितला आहे.

१६ मार्च, गुरुवार

मी संपले.

घारपुरे आणि साहेब मालकांकडे गेले होते, म्हणून खोलीत एकटीच होते. उगाच पहिली, घेर कमी करण्याआधीची, आणि दुसरी ट्रेसिंग एकमेकांवर ठेवून उजेडाला धरली. मोटारीच्या मधोमध लोखंडी गाभा असतो, त्यावर तारा गुंडाळलेल्या. पहिल्या ड्रॉइंगमध्ये गाभा आणि बाहेरचं कवच यांच्या मध्ये चारी बाजूंनी मोकळ्या वाटा होत्या, पुढच्या टोकापासून मागच्या टोकापर्यंत, बोट जाईल एवढ्या. दुसऱ्यात नाहीत. गाभा कवचाला घट्ट चिकटलेला. चारही वाटा गायब.

मी उतरवायच्या विसरले. त्या दिवशी टेबलाशी हसणं चाललं होतं त्या दिवशी. मूळ पेन्सिलीचं ड्रॉइंग घारपुऱ्यांच्या कपाटात कुलपात आहे, पण ते बघायची गरजच काय? इंजिनियर चार वाटा कशाला विसरेल? हसणारी मी होते.

रफीक मियाँ माझ्यामुळे उपाशी आहेत.

१७ मार्च, गुढीपाडवा

सुट्टी. गुढीची काठी मीच धरली, तीही वाकडी. आईला वाटलं लक्ष श्रीखंडाकडे आहे. श्रीखंड दोनदाच घेतलं. आई म्हणाली, "ताप आलाय का?"

बाबांना अंगणात गाठून सगळं सांगितलं. बाबा तीस वर्षं कारकून आहेत. त्यांनी चौकशी कारकुनासारखीच केली. "कुणाला माहीत आहे?"

"मला एकटीला."

"कागदांवरून कुणाच्या लक्षात येईल?"

"आज नाही तर उद्या."

बाबा गुढीकडे बघत म्हणाले, "कमल, चूक फायलीत पडून राहिली की तिला पिलं होतात. मी स्वतः पाळलीत, म्हणून सांगतो. उद्या सांगून टाक. नोकरी गेली तर गेली."

"मला जायला नकोय बाबा. मला ते काम फार आवडतं."

"ते दिसतंच," बाबा म्हणाले. "तू पोस्टकार्डं घेऊन झोपतेस."

१८ मार्च, शनिवार

सकाळी आठलाच पोचले. घारपुरे आधीच येऊन बसले होते, समोर अहवालाचा कोरा कागद. मी दोन्ही ट्रेसिंग त्यांच्यापुढे ठेवल्या आणि पाठ केलेलं एका दमात म्हटलं. "सर, या चार वाटा माझ्याकडून राहिल्या. ओतकामाचा दोष नाही. मियाँना तसं कळवावं. माझं जे करायचं ते करा."

त्यांनी ट्रेसिंग पाहिल्या. मग उठले, कपाट उघडलं, पेन्सिलीचं ड्रॉइंग काढून पसरलं. बराच वेळ त्यावर बोट फिरवत राहिले. मला तिकडे बघायचा धीर झाला नाही. मग त्यांनी विचारलं, "ठिणगी कुठल्या टोकाला पाडली होती?"

"पुढच्या."

"आणि फुटलं कुठलं झाकण?"

"मागचं." हे त्यांना माहीत होतं. चौकशीत माहीत असलेलंच विचारतात, बाबा म्हणालेत. मग मलाच वाटलं की हे अजब आहे, आणि भीतीच्या भरात मी बोलत सुटले. "पुढे स्फोट झाला तर पुढचा गॅस मागे ढकलला जाणार ना. वाटा असत्या तर सरळ गेला असता. वाटा नाहीत, म्हणून मागे जो होता तो दाबला गेला. सायकलच्या पंपाचं तोंड बोटानं बंद करून दट्ट्या रेटला की आतली हवा दबते, तसा. आणि तसा दाबून ठासलेला गॅस मग पेटला असेल, तर तो दुप्पट जोरानं..."

इथे मी थांबले, कारण घारपुरे माझ्याकडे असे बघत होते की मी घाबरले. डोळे मोठे, चेहरा लाल. ते उठले आणि गेले. दोन्ही कानांवरच्या पेन्सिली वाटेत पडल्या, तरी थांबले नाहीत. थेट साहेबांच्या बंगल्याकडे, चालत नव्हे, पळत.

माझी तक्रार करायला इतकं पळायला नको होतं.

दुपारपर्यंत कुणी आलं नाही. मी माझी पेनं पुसली, खण रिकामा केला, शाईची बाटली घट्ट लावली आणि घरी आले. पडलेल्या पेन्सिली उचलून त्यांच्या टेबलावर ठेवल्या. एवढी माणुसकी ठेवायला हरकत नाही.

२० मार्च, सोमवार

काय लिहू आणि कसं लिहू.

साडेनऊला रफीक मियाँ कारखान्याच्या जीपमधून घरी. आई घाबरून दाराआड. मियाँ म्हणाले, "बिटिया, साब बुला रिये हैं। कहते हैं, देशकर के बगैर मीटिंग नईं होगी।"

सान्याल साहेबांच्या टेबलावर तिन्ही ड्रॉइंग. साहेबांनी मला बसायला सांगितलं. या खोलीत मी आजवर बसले ती फक्त माझ्या उंच स्टुलावर. मग त्यांनी पेन्सिलीचं ड्रॉइंग माझ्यापुढे सरकवलं. त्यातही वाटा नव्हत्या. मी काहीच विसरले नव्हते. जे खाली होतं तेच उतरवलं होतं, रेघ न् रेघ.

घारपुरे उभे राहून म्हणाले, "घेर कमी करायला वाटा मी बुजवल्या, सर. दोन्ही टोकांत गॅसचा दाब सारखा असेल असं धरून चाललो. चूक माझी आहे, अहवालात तसंच लिहिलंय. कारण मिस देशकरांनी शोधलं. त्या ते सांगत होत्या आणि त्यांना वाटत होतं की त्या माफी मागतायत."

साहेबांनी अहवाल शेवटपर्यंत वाचला. मग रफीक मियाँना हाक मारली, उठून त्यांचा हात हातात घेतला आणि हिंदीत म्हणाले की लोखंड चांगलं होतं, आमचा कागद वाईट होता. मियाँ बाहेर आल्यावर म्हणाले, "आज दो टैम का खाऊँगा।"

मला घारपुऱ्यांचं वाईट वाटतंय. मालक त्यांना काय म्हणतील कोण जाणे. पण ते स्वतः शीळ घालत होते. पुण्याची माणसं मला समजत नाहीत.

२९ मार्च, बुधवार

मालकांनी एक संधी दिली, एकच. घेर वाढवता येत नाही आणि वाटा तर हव्यात. आठ दिवस तोच घोळ. शेवटी वाट कवचात नको, गाभ्याच्या पाठीलाच चार खाचा घेऊ, असं ठरलं. कुणाच्या मनात आधी आलं ते सांगता येत नाही. मी "पाठ" म्हटलं आणि त्यांनी "खाचा" म्हटलं, बहुतेक एकाच वेळी. किती खोल घ्यायच्या याचं गणित ते करतात, मी पुन्हा ताडून बघते. मॅट्रिकला गणितात माझे ब्याऐंशी होते हे आजवर कुणाच्या उपयोगी पडलं नव्हतं.

१२ एप्रिल, बुधवार

ट्यूबमध्ये गॅस, कुंडी, वाळूची पोती. या वेळी पतंगाचा कागद पिवळा. मालक स्वतः आले होते, नाकाला रुमाल. रफीक मियाँनी दाढी उपरण्यात बांधून घेतली होती.

घारपुरे बटणाजवळ गेले आणि मागे वळून म्हणाले, "मिस देशकर, तुम्ही दाबा." मी म्हटलं, "मी टेम्पररी आहे." सान्याल साहेब म्हणाले, "दबाइए, दबाइए, गैस निकल रही है।"

दाबलं.

जमिनीखाली कुणीतरी पाट आपटल्यासारखं "धप्प" झालं. पिवळा कागद थोडा फुगला, थरथरला आणि पुन्हा सपाट झाला. शाबूत. आम्ही सगळे त्याच्याकडे बघत राहिलो, तो आता उडेल की मग उडेल. उडाला नाही. पुन्हा गॅस भरला, या वेळी ठिणगी मागच्या टोकाला. पुन्हा धप्प, पुन्हा कागद जागच्या जागी. दहा वेळा केलं. पाचव्यानंतर मला प्रत्येक धप्पला हसू येत होतं आणि मी ते आवरलं नाही. मियाँ हसत होते, सान्याल साहेब हसत होते, मालकसुद्धा रुमालामागे हलत होते. घारपुरे मात्र कागदाकडे बघतच नव्हते. इतकी मेहनत केलेल्या माणसानं निकालाकडे बघू नये, माझ्याकडे बघत राहावं, याला काय म्हणायचं. बहुधा ताण आला असेल.

आता मोटार धनबादला सरकारी तपासणीला जाईल. साहेब म्हणतात, काळजी नको.

१५ एप्रिल, शनिवार

सान्याल साहेबांनी बोलावलं. सोमवारपासून मी ट्रेसर नाही. पुढची मोटार तीस घोड्यांच्या ताकदीची आहे. तिच्या टर्मिनल बॉक्सचं, म्हणजे जिथे बाहेरची वायर आत येते त्या पेटीचं, ड्रॉइंग मी काढायचं. सहा महिने बघतील, मग कायम. आणि संध्याकाळच्या डिप्लोमाच्या वर्गाला त्यांची चिठ्ठी. मी त्यांना नमस्कार करायला वाकले आणि टेबलाच्या कडेवर डोकं आपटलं. टेंगूळ आलंय. फार छान टेंगूळ आहे.

१६ एप्रिल, रविवार, सकाळ

काल एक गोष्ट लिहायची राहिली. निघताना घारपुरे फाटकापर्यंत आले. म्हणाले, "गुरुवारी माझी आई पुण्याहून येते आहे. तिला तुमच्या घरी आणू का?"

मी म्हटलं, "आणा की. आईला पाहुणे आवडतात. त्यांना मोटारींची आवड आहे?"

"माझ्या पत्रांमधून झाली असेल तेवढी. पत्रांत मोटारीपेक्षा तुम्हीच जास्त असता."

"मग मी दोन्ही ट्रेसिंग दाखवेन. किती दिवस राहणार आहेत?"

"ते तुमच्यावर आहे," ते म्हणाले.

हे मला कळलं नाही. त्यांच्या आई किती दिवस राहणार ते आमच्यावर कसं? राहणार त्यांच्याकडे. ट्रेसिंग बघायला तर अर्धा तास पुरेल.

वरचं आता पुन्हा वाचलं.

पुन्हा एकदा वाचलं.

पेन खाली ठेवून स्वयंपाकघरात गेले. आई कैऱ्या चिरत होती. मी म्हटलं, "आई, घारपुऱ्यांच्या आई गुरुवारी येतायत. मला वाटतं त्या मोटार बघायला येत नाहीत."

आईनं कैरी खाली ठेवली नाही. "बरं झालं बापा, एकदाचं तुला समजलं. तुझे बाबा म्हणत होते, हिला पाडव्यापर्यंत कळेल. मी म्हटलं होतं, आखाजीचा सण उजाडेल."

मी पाटावर बसले. हसू येत होतं, कान तापले होते, आणि टेंगूळ ठणकत होतं. आईनं विचारलं, "तुला पसंत आहे ना?"

मी मान हलवली. इतकी हलवली की आई म्हणाली, पुरे. मग मी म्हटलं, "पण आई, मी ड्रॉइंग सोडणार नाही. लग्न झालं तरी. डिप्लोमा करणार आहे."

"मग हे त्याला आधी सांग," आई म्हणाली, "त्याच्या आईला नंतर."

उद्या सकाळी साडेआठला सांगते.